गाडी चांगली होती

गोकुळ माणूस वाईट नव्हता. हे आधीच सांगून ठेवलेलं बरं, कारण पुढचं ऐकलं की तुम्ही त्याला शिव्या घालणार आणि मग माझं कुणी ऐकणार नाही. कष्टाला मागं सरत नसे, दारूला शिवत नसे, शेजारी कुणाकडं मयत झाली तर सरणाची लाकडं आणायला पहिला हजर. खोट एकच होती, ती म्हणजे तोंड. मनात आलेलं पोटात जिरायच्या आत ओठावर यायचं. उचलली जीभ की लावली टाळ्याला. त्याची आई भामाबाई म्हणायची, ह्याच्या बारशाला घुगऱ्यांच्या ऐवजी मिरच्या वाटायला पाहिजे होत्या.

मुकुंदवाडीत राहायचा आणि चिकलठाण्याच्या एका कंपनीत लाईनवर होता. कंपनीनं माणसं कमी केली, त्यात हाही निघाला. घरी येऊन बायकोला, मेघाला म्हणाला, आता कुणाच्या हाताखाली राहणं नाही, आपली गाडी घ्यायची. लासूर स्टेशनहून कांदा भरायचा, शहरात जाधववाडीच्या बाजारात आणून टाकायचा, आपण आपले राजे. नवी गाडी घेण्याची ऐपत नव्हती. मग जुन्याचा शोध सुरू झाला, आणि लासूरच्या बाजारात ज्याला विचारावं तो एकच नाव घ्यायचा, मोतीरामबाबा.

हे मोतीरामबाबा म्हणजे लासूरचे जुने पिकअपवाले. सगळी हयात स्टेअरिंगवर गेलेली. गावात कुणी जुनी गाडी घ्यायला निघाला की आधी बाबाला घेऊन जायचा. बाबा बॉनेटवर हात ठेवून कान लावायचे आणि म्हणायचे, घे, नाहीतर म्हणायचे, चल घरी. त्यांनी घे म्हटलेली गाडी कुणाला आडरानात सोडून गेली नाही. अशा माणसाची स्वतःची गाडी कशी असेल ते तुम्हीच समजा. डोळ्यांचं ऑपरेशन झालं, मुलगा सुयश म्हणाला आता गाडी चालवायची नाही, म्हणून ती विकायला निघाली होती. गाडी जुनीच, पण बाबांनी जपलेली. सौदा दोन बोलांत झाला. घासाघीस करावी असं गोकुळलाही वाटलं नाही.

गाडी ताब्यात द्यायच्या दिवशी बाबांनी गोकुळला शेजारी बसवलं आणि सांगायला सुरुवात केली. लेक सासरी धाडताना आई जावयाला सांगते ना, तिला अमुक सोसत नाही, तिला तमुक आवडत नाही, तसं. डावं दार जरा उचलून लावा. थंडीत पहिल्या चावीला उठली नाही तर रागावू नका, थांबा जरा. डॅशबोर्डखाली, तुमच्या गुडघ्यापाशी फ्यूज बॉक्स हाय, त्याचं झाकण कधीच तुटलंय, मी त्याला प्लास्टिक गुंडाळून वरून ट्यूबची पट्टी बांधलीय, ते काढू नका, आन् आतून गाडी पाण्यानं धुऊ नका. गोकुळ मोबाईलमध्ये वेळ बघत होता. गुरुजींनी दुपारच्या आतला मुहूर्त दिला होता आणि शहर अजून लांब होतं. प्रत्येक वाक्याला तो म्हणत होता, व्हय बाबा, कळलं बाबा. बाबांची बायको कडूबाई बाहेर आली, तिनं बॉनेटला हळदीकुंकू लावलं आणि पदरानं काच पुसली. गोकुळनं चावी फिरवली आणि निघाला.

घरी पोचल्यावर काय सांगावं! गल्लीतली पोरंसोरं गोळा झाली. पूजेआधी गाडी चकाचक पाहिजे, म्हणून गोकुळ फडकं घेऊन आत शिरला. गुडघ्यापाशी एक काळपट प्लास्टिकचं बोचकं लोंबत होतं. सायकलच्या ट्यूबनं बांधलेलं, धुळीनं माखलेलं. लक्ष्मी घरात आली आणि तिच्या पायात हे चिंधूक? त्यानं ते ओरबाडून काढलं आणि नालीत टाकलं. मग मेघानं ओवाळलं, भामाबाईनं अक्षता टाकल्या, चाकाखाली लिंबं ठेवली. गोकुळनं नारळ फोडला. बाकीचे लोक नारळाचं पाणी चाकावर शिंपडतात, बॉनेटवर शिंपडतात आणि उरलेलं प्रसाद म्हणून पोरांच्या हातावर घालतात. पण गोकुळचं सगळं उतू जाईपर्यंत असायचं. तो म्हणाला, गाडीचा जीव बाहेर असतो का, आत असतो. आणि एक कवड घेऊन आत वाकला, स्टेअरिंगला पाणी वाहिलं, आणि उरलेलं सगळं डॅशबोर्डखाली, वायरींच्या गुंत्यात, हळदीकुंकू-अक्षतांसकट ओतून दिलं. हात जोडले. गल्लीनं टाळ्या वाजवल्या.

चार-सहा फेऱ्या झकास झाल्या. मग गाडीच्या अंगात आल्यासारखं झालं. उजवा इंडिकेटर दिला की वायपर फिरायचा. ब्रेकवर पाय ठेवला की हॉर्न कुईकुई करायचा. एकदा लग्नाच्या वरातीमागं अडकला तर गाडी आपोआप हॉर्न वाजवत राहिली. बॅन्डवाल्याला वाटलं हा मुद्दाम करतोय, तो भांडायलाच आला. एका मिस्तरीनं बॅटरी बदलली. दुसऱ्यानं हॉर्न बदलला. तिसऱ्यानं डायनॅमो खोलून बसवला आणि म्हणाला, मालक, वायरिंगच गेलंय, तुम्हाला टोपी घातली कुणीतरी. हे वाक्य गोकुळच्या कानात जाऊन बसलं. आपल्याला कुणी टोपी घातली हे ऐकायला माणसाला वाईट वाटतं म्हणतात, पण खरं सांगू का, आपली काही चूक नाही हेही त्यातच येतं, म्हणून ते गोडही लागतं.

आणि मग एके दिवशी दिवेलागणीच्या वेळेला, लिंबेजळगावच्या अलीकडं, कांद्यानं भरलेली गाडी पळत असताना दोन्ही हेडलाईट एकदम गेले. समोर एक मोटारसायकल होती, मागं बाई बसलेली, तिच्या मांडीवर लेकरू. गोकुळनं गाडी कशी बाजूला घेतली ते त्यालाही सांगता येणार नाही. चाक कडेच्या मातीत रुतलं. मोटारसायकलवाल्याला काही झालं नाही, तो वळून बघत निघून गेला. भेदरलेल्या माणसानं गप बसावं, पाणी प्यावं. ह्यानं मोबाईल काढला.

लासूर-वैजापूर पट्ट्यातल्या पिकअपवाल्यांचा एक व्हॉट्सॲप ग्रुप होता. त्यात गोकुळनं आवाज रेकॉर्ड करून टाकला. भीती सगळी त्या आवाजात शिरली आणि शिव्या होऊन बाहेर आली. लासूरच्या मोतीराम म्हाताऱ्यानं मला फसवलं, सडकी वायर गळ्यात मारली, आज माझ्या हातनं एक लेकरू मेलं असतं. इथवर तरी ठीक म्हणा, माणूस घाबरलेला होता. पण ग्रुपवर कुणीतरी लगेच विचारलं, खरं का? मोतीरामबाबा असं करतील? तेव्हा आपलं म्हणणं खोटं पडायला नको म्हणून गोकुळनं अजून एक टाकला. म्हणाला, "अरे त्याचा धंदाच हाय हा. मोडक्या गाड्या घेतो, रंगवतो आन् आपल्यासारख्याच्या गळ्यात मारतो. मला लई जणांनी सांगितलं."

त्याला कुणीच काही सांगितलं नव्हतं. वाक्य बोलता बोलता तयार झालं होतं, आणि छान बसलं म्हणून त्यानं पाठवून दिलं.

ते आवाज वाऱ्यासारखे गेले. फकिरा नावाचा एक पिकअपवाला होता, ग्रुपमधला सगळ्यात मोठा भोंगा. त्यानं ते वैजापूरच्या ग्रुपवर टाकले, तिथून कांदा व्यापाऱ्यांच्या ग्रुपवर गेले. दुसऱ्या दिवशी बाजारात लोक गोकुळची विचारपूस करत होते, चहा पाजत होते, आणि तो पुन्हा पुन्हा सांगत होता. दर वेळी सांगताना लेकरू गाडीच्या आणखी जवळ येत होतं.

शहरात रोशन गेटकडं मुनीरभाईचं गाड्यांच्या वायरिंगचं दुकान आहे. माणूस बडबड्या आणि खवट, पण हात साफ. गोकुळनं गाडी त्याच्याकडं नेली आणि आल्या आल्या म्हाताऱ्याची कथा सुरू केली. मुनीरभाईनं ती ऐकलीच नाही. तो सरळ डॅशबोर्डखाली आडवा झाला, बॅटरीचा उजेड पाडला आणि फ्यूज बॉक्स हातात घेऊन बराच वेळ बघत राहिला. मग बोटानं चाचपून, बोट नाकापाशी नेलं.

"पानी नै जी ये," तो म्हणाला. "पानी रैता तो सूख जाता. ये कुछ तो भी मीठा है, चिपक गया."

फ्यूजच्या पट्ट्यांवर हिरवा बुरा चढला होता, मधे लालसर चिकट थर. त्यामुळं इकडची वीज तिकडं जात होती, म्हणून इंडिकेटरला वायपर आणि ब्रेकला हॉर्न. मुनीरभाईनं चिमट्यानं एक फ्यूज उपसला, त्याच्या खाचेतून काहीतरी बारीक खेचून काढलं आणि गोकुळच्या तळहातावर ठेवलं. कुंकवानं लाल झालेला तांदळाचा दाणा होता.

"गाडी को खाना खिलाए क्या?" मुनीरभाई हसत म्हणाला. मग आत हात घालून त्यानं ट्यूबच्या पट्टीचा एक तुकडा दाखवला. आधीच्या मालकाला अक्कल होती, त्यानं डबी बांधून ठेवली होती, ती कुणी सोडली, असं त्यानं विचारलं.

गोकुळ म्हणाला, "मालूम नै."

हे दुसरं खोटं. पहिलं तरी रागात बोलला होता.

मुनीरभाईनं डबी साफ केली, पट्ट्या घासल्या, दोन-तीन वायरी बदलल्या, नवं झाकण बसवलं, आणि संध्याकाळपर्यंत गाडी देवाच्या गायीसारखी शहाणी झाली. गोकुळ घरी आला. मेघानं विचारलं, काय निघालं. म्हणाला, किरकोळ. जेवायला बसला, पण ताटातला भात त्याच्याकडं बघतोय असं वाटायला लागलं, तेव्हा उठला.

आता सरळ माणूस काय करेल? जाईल आणि सांगेल. गोकुळनंही ठरवलं, जाऊ. उद्या जाऊ. उद्या फेरी लागली. मग म्हणाला, बाजाराच्या दिवशी जाऊ. बाजाराच्या दिवशी गर्दी होती. मग त्यानं ग्रुपवर टाकून द्यायचं ठरवलं. मोठा मजकूर लिहिला, खोडला, पुन्हा लिहिला, आणि शेवटी एवढंच टाकलं की गाडी ओके झाली, किरकोळ प्रॉब्लेम होता. लोकांनी अंगठे दाखवले. फकिरानं लिहिलं, म्हाताऱ्याकडून खर्च वसूल कर. गोकुळनं मोबाईल उशीखाली सारला. आधीचे आवाज पुसावेत म्हणून त्यानं खूप खटपट केली, पण ते आता त्याच्या हातात नव्हते. कुठं कुठं पोचले होते ते त्यालाही माहीत नव्हतं.

मधे त्याच्या मनानं एक पळवाटही काढली. बाबांना कुठं माहीत असणार? साधा बटणाचा मोबाईल वापरणारा माणूस. कुणी काही विचारत नाही, आपणही बोलायचं नाही, चार महिन्यांत लोक विसरतील. सुंठीवाचून खोकला जाईल. पण खाई त्याला खवखवे. लासूरला गेला की तो बाबांच्या गल्लीवरून गाडी न्यायचा नाही, लांबून वळसा घालायचा. कुणी मागून हाक मारली तरी दचकायचा. भामाबाई म्हणाली, तुझं तोंड बंद झालंय, बरं नाही का? पोराचं तोंड बंद व्हावं म्हणून नवस करणारी बाई, आता तिलाच काळजी लागली.

मग एकदा टपरीवर चहा पिताना त्याच्या कानावर आलं. लासूरच्या एका बड्या आडत्यानं पाच-सहा नव्या पिकअप घेतल्या होत्या. त्यांच्यावर देखरेख करायला, ड्रायव्हरांवर लक्ष ठेवायला भरवशाचा माणूस पाहिजे होता. मोतीरामबाबाचं नाव जवळजवळ नक्की होतं. डोळे अधू झाले तरी कान होते, अनुभव होता. बाबा खूश होते, गाड्यांजवळ राहायला मिळणार म्हणून. पण ते आवाज आडत्यानं ऐकले आणि म्हणाला, ज्याच्या स्वतःच्या गाडीत खोट, त्याच्या हाती माझ्या गाड्या देऊ? बघू पुढं. चहावाला हे सगळं गोकुळलाच कौतुकानं सांगत होता. बरं झालं तुम्ही आवाज उठवला, नाहीतर शेठही फसला असता. गोकुळनं चहाचा ग्लास तसाच ठेवला आणि गाडी बाबांच्या गल्लीत घातली.

सकाळची वेळ होती. बाबा ओट्यावर बसले होते. गाडीचा आवाज ऐकून उठलेच. गोकुळला वाटलं आता शिव्या पडणार, आणि पडाव्यात असंही वाटलं, म्हणजे निदान हिशेब तरी मिटेल. पण बाबा गाडीकडं न बघता त्याच्याकडं आले आणि त्यांनी विचारलं, कुणाला लागलं नाही ना? लेकराला काही झालं नाही ना? मग त्याला ओट्यावर बसवून स्वतःच बोलत सुटले. कडूबाईनं चहा टाकला.

बाबांना सगळं माहीत होतं. सुयश वाळूजच्या कंपनीत होता, सुट्टीला आला तेव्हा त्यानं मोबाईलवर ऐकवलं होतं. पण बाबांना राग गोकुळचा आला नव्हता. त्यांना स्वतःचाच आला होता. रोज उठून ते मनातल्या मनात ती गाडी खोलत होते, वायर न् वायर आठवत होते. स्टेअरिंगच्या खाली घासली असेल का? मागच्या दिव्याचा जोड सैल असेल का? आपल्याला कसं कळलं नाही?

"मी तुम्हाला त्या प्लास्टिकचं सांगितलं होतं असं मला वाटतं," बाबा म्हणाले. "पण सुयश म्हणतो, बाबा, ऑपरेशन झाल्यापासून तुम्हाला आठवत नाय, तुम्ही सांगितलंच नसणार. आता मलाबी तसंच वाटाया लागलंय. माणसाचं डोकं गेलं की त्याला कळत नसतं म्हणं. गाडी सोडून जा माझ्याकडं, गोकुळराव. मी सगळी वायर नवी टाकून देतो. माझीच चूक हाय."

गोकुळला तो मुहूर्ताचा दिवस लख्ख दिसला. बाबांचा आवाज, गुडघ्याजवळ दाखवलेलं बोट, आणि आपण मोबाईलकडं बघत म्हटलेलं व्हय बाबा, कळलं बाबा. आता एवढं सोपं होतं. म्हाताऱ्यानं चूक आपल्या अंगावर घेतलीच होती, गोकुळनं नुसतं गप बसायचं होतं. त्याच्या आयुष्यात गप बसण्यासारखी सोपी वेळ पुन्हा आली नसती. त्याची मान वर होईना.

"बाबा, तुम्ही सांगितलं होतं," तो म्हणाला.

आणि मग सगळं सांगितलं. प्लास्टिक ओरबाडून नालीत टाकलं ते, नारळाचं पाणी आत ओतलं ते, तांदळाचा दाणा, मुनीरभाईला खोटं सांगितलं ते. बाबा त्याच्या तोंडाकडं बघत ऐकत होते.

"म्हंजे गाडी चांगली होती," बाबा म्हणाले.

"चांगली होती बाबा."

"आन् मी सांगितलं होतं."

"सांगितलं होतं. फ्यूज बॉक्स, झाकण, ट्यूबची पट्टी, सगळं. मी ऐकलं नाय."

बाबा उठून चुलीकडं गेले आणि कडूबाईला म्हणाले, ऐकलं का, मी सांगितलं होतं. कडूबाई म्हणाली, ऐकलं. त्यांनी पुन्हा म्हटलं, मी सांगितलं होतं. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं आणि ते पुसायचंही त्यांना सुचत नव्हतं. महिनाभर ह्या माणसाला आपलं डोकं फिरलं असं वाटत होतं, आणि ते आपण केलं, हे गोकुळला तेव्हा कळलं. नाव खराब केलं एवढंच त्याला वाटत होतं तोवर.

बाबा परत येऊन बसले. त्यांनी हळूच विचारलं, "आन् ते दुसरं? मी मोडक्या गाड्या रंगवून विकतो, ते? ते तुम्हाला कुणी सांगितलं?"

गोकुळ म्हणाला, "कुणीच नाय बाबा. ते मी मनानंच बोललो."

बाबा चहाची बशी तशीच ठेवून उठले आणि आतल्या खोलीत निघून गेले. गाडीचं बिघडणं त्यांना समजत होतं. हे त्यांना समजण्यासारखं नव्हतं.

गोकुळनं खिशातून मोबाईल काढला. कडूबाईला म्हणाला, मावशी, आत्ताच्या आत्ता ग्रुपवर टाकतो, सगळं खरं सांगतो. कडूबाईनं कपबशा गोळा करता करता त्याच्याकडं बघितलं. आवाज चढवला नाही.

"त्या डबड्यात नको. डबड्यात लोक अर्धं ऐकतात न् फेकून देतात. घरात येऊन सांगितलंत, बरं केलं. पण त्यांचं नाव तुम्ही चारचौघात घालवलं. तिथं जाऊन तोंडानं सांगा."

गोकुळ उठला. बाबांना चला म्हणायची त्याची हिंमत झाली नाही.

त्या दिवशी बाजार समितीत कांद्याचा लिलाव होता. लिंबाखाली पिकअपवाल्यांचा घोळका बसलेला, फकिरा मधोमध. कडेला तो आडत्या माल बघत उभा. गोकुळनं गाडी आणून लावली आणि मागच्या हौद्यात चढला. लोकांना वाटलं हा ताडपत्री सोडतोय. तो उभा राहिला आणि बोलायला लागला. जन्मभर न विचारता बोलणारा माणूस, आणि त्या दिवशी एक एक शब्द उपसून काढावा लागत होता.

प्लास्टिकचं सांगितलं तोवर लोक नुसतं ऐकत होते. नारळाचं सांगितलं तेव्हा हशा पिकला. फकिरा मांडीवर थाप मारून म्हणाला, आता सर्व्हिसिंगला गाडी न्यायची गरज नाही, एकेक नारळ फोडायचा. कुणीतरी म्हणालं, ह्याचं नाव आजपासून नारळ. लोक पोट धरून हसत होते आणि गोकुळला क्षणभर हलकं वाटलं, चला, हसण्यावारी गेलं. इथंच उतरावं असं त्याच्या मनात आलं. कोण विचारणार होतं दुसऱ्या आवाजाचं? पण बाबा चहा तसाच ठेवून आत गेले होते ते त्याच्या डोळ्यांपुढून हलत नव्हतं.

"अजून आहे," तो म्हणाला. "बाबा गाड्या रंगवून विकतात हे मी बोललो होतो. ते खोटं होतं. मला कुणी सांगितलं नव्हतं. माझं म्हणणं खरं वाटावं म्हणून मी बनवलं. त्या माणसानं आयुष्यात कुणाला फसवलेलं नाय. फसवलं मी."

कुणी हसलं नाही. ज्यांनी ज्यांनी तो आवाज पुढं पाठवला होता ते सगळे तिथंच होते. फकिरा म्हणाला, अरे आम्ही पाठवला की रे तो, आणि मोबाईल काढून उगाच बघत बसला. आडत्या जवळ आला. चांगला माणूस होता, पण व्यवहारी. म्हणाला, कालच वैजापूरच्या एकाला शब्द दिला, आता त्याला काय सांगू? झालेलं नुकसान तोंडानं भरून येत नाही हे गोकुळला दिसत होतं, तरी तो हात जोडून उभा राहिला. आडत्यानं मान हलवली आणि निघून गेला.

तेवढ्यात कुणीतरी म्हणालं, बाबा आले. फाटकाशी मोतीरामबाबा उभे होते, मागं कडूबाई. कधी आले, किती ऐकलं, कुणास ठाऊक. घोळक्यानं वाट करून दिली. बाबा सरळ गाडीपाशी आले आणि त्यांनी गोकुळपुढं हात केला. गोकुळनं खाली उतरून हातात चावी दिली.

बाबा चढून बसले. चावी फिरवली. गाडी एका झटक्यात उठली. त्यांनी हॉर्न दिला. डावा इंडिकेटर, उजवा इंडिकेटर. वायपर कोरड्या काचेवरून फिरला आणि थांबला. मग हेडलाईट लावून ते खाली उतरले, पुढं गेले. भर दुपारच्या उन्हात दिवे लागलेत की नाही दिसत नव्हतं, म्हणून त्यांनी डोक्यावरची टोपी काढून काचेपुढं आडवी धरली, वाकून बघितलं. मग दुसऱ्या दिव्यापुढं. सगळा बाजार बघत होता. बाबांनी दिवे बंद केले, गाडी बंद केली आणि चावी गोकुळच्या हातावर ठेवली.

"बाबा, बसा, घरी सोडतो," गोकुळ म्हणाला.

"नको," बाबा म्हणाले. त्यांच्या बोलण्यात राग नव्हता, आणि मायाही नव्हती. "महिनाभर ह्या बाजारातून चाललो नाय. रुळाच्या कडंकडंनं जातो-येतो. आज मधून चालत जातो."

आणि ते निघाले, कडूबाई मागं. आडतीच्या दुकानांमधून, टपरीवरून, सावकाश. लोक राम राम घालत होते आणि बाबा प्रत्येकापाशी थांबून राम राम घेत होते. गोकुळला वाटलं, पळत जावं आणि भर रस्त्यात त्यांचे पाय धरावेत. पण तसं केलं असतं तर सगळा बाजार पुन्हा त्याच्याकडंच बघत बसला असता. तो गाडीत बसून राहिला.